न मिटलेला तरोटा

सत्यभामाबाईनं खुडलेली भाजी डोळे मिटून खावी, असं अख्खं गाव म्हणायचं. गाव तसं लहान, संग्रामपूरहून आठ-नऊ किलोमीटर, घरातून बाहेर आलं की सातपुडा समोर. आणि भाजी म्हणजे बाजारातली नव्हे बरं का. कोबी-फ्लॉवरशी बाईचं कधी जमलंच नाही. भाजी म्हणजे तरोटा, चिवळ, काटेमाठ, पाथरी, केना. लोक ज्याला गवत म्हणतात, उपटून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकतात, आणि संध्याकाळी पारावर बसून रडतात की बाप्पा, भाजीपाला किती महाग झाला! अशा लोकांचा बाईला मनापासून राग यायचा.

वय सदुसष्ट. दोन्ही गुडघे गेलेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि समोरचे दात उरले होते तीन. त्या तीन दातांचं सांगायलाच हवं, कारण बाईचं सगळं नाव त्यांच्यावर चालत होतं. तिला तिच्या आईनं एक रीत लावून दिली होती. परसातली असो की रानातली, भाजी ओटीत घालण्याआधी तिचं एक पान पुढच्या दातांनी चावायचं, जिभेच्या शेंड्यावर धरायचं, थुंकायचं आणि जरा थांबायचं. चव रोजची नसेल तर तिथली काडीही उचलायची नाही, मग ते शेत स्वतःच्या बापाचं का असेना.

धुऱ्यांवर तणनाशक मारायची पद्धत गावात आली तेव्हा बाईनं या रीतीत आपली एक भर घातली. खुडण्याआधी मालकाला हाक मारायची. "काऊन भाऊ, इथं औषध-गिवषध मारलं काय?" मालक नाही म्हणाला तरी पान चावायचंच. शेजारच्या अर्जुनरावांना याचा राग यायचा. "सत्यभामाबाई, माह्यावर भरोसा नाही काय तुमचा?" ते म्हणत. बाई पान थुंकून म्हणायची, "भरोसा हाय ना भाऊ. पन खानारी पोरं माही हायेत."

नवरा शालिग्राम होता तोवर या सगळ्यात मजा होती. "आज कोनतं गवत शिजवलं?" असं विचारत तो पाटावर बसायचा आणि तिसऱ्यांदा भाजी मागायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि बाई थकली. म्हणजे कामाला थकली असं नाही, काम ती करतच होती. ऐकायला थकली. मुलगा शेखर, सून रुपाली, सात वर्षांची नात स्वरदा, तिघंही दिवसभर काही ना काही सांगत असायची. लाईट गेली, गाय आटली, शाळेत उद्या झेंडा आहे. बाई सगळ्याला एकच उत्तर द्यायची, "हं." त्या हंमध्ये होकार नव्हता, नकार नव्हता. सांगणाऱ्यानं आता गप्प बसावं, एवढंच त्यात होतं. घरच्यांनाही त्याची सवय झाली. आईच्या कानावर घातलं, आई हं म्हणाली, झालं काम.

रुपाली हुशार बाई. नवी नवरी होती तेव्हा सासूच्या भाज्यांकडे बघून नाक मुरडायची, तिच्या माहेरी, धाड गावात, आठवडी बाजार भरतो आणि तिथं पालक-मेथीचे ढीग लागतात, हे ती दर चार दिवसांनी ऐकवायची. पण आता ती रेणुका महिला बचत गटाची अध्यक्ष होती आणि गट पार डबघाईला आला होता. बारा बायका. तीन वर्षं पापड लाटले, कुणी विचारलं नाही. पारावरचे पुरुष म्हणायचे, बाया मीटिंगच्या नावानं चहा पिऊन येतात. चौघी-पाच जणी सोडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात तालुक्याला रानभाजी महोत्सव जाहीर झाला. भाज्या मांडायच्या, शिजवून आणायच्या, परीक्षक चव घेणार, आणि ज्या गटाची निवड होईल तो बुलढाण्याला जिल्ह्याच्या महोत्सवात जाणार.

"आत्याबाई, हे एक जमलं तर गट टिकते," रुपाली सासूच्या खाटेशी बसून म्हणाली. "नाहीतर दिवाळीपर्यंत आम्ही पांगलोच समजा. तुमचा हात लागला पाहिजे."

बाईला बरं वाटलं. उगाच कशाला लपवा, फार बरं वाटलं. ज्या सुनेनं बारा वर्षं तिच्या भाजीला गवत म्हटलं, तिला आज त्या गवताची गरज पडली होती. पण त्या बऱ्या वाटण्याच्या खालीच मनात आलं, अरे देवा, आता पायथ्यापर्यंत चालावं लागणार.

आणि चालावं लागलंच. महोत्सवाच्या आदल्या दिवशी रुपाली, गटातल्या तिघी आणि बाई सकाळीच निघाल्या. उन्हाचं सांगू नका, पाऊस दडी मारून बसलेला, श्रावणात वैशाखाची तलखी. बाई प्रत्येक ठिकाणी थांबायची, हाक मारायची, चावायची, थुंकायची. अर्जुनरावांच्या विहिरीपाशी चिवळ चांगली निघाली. ओढ्याकडे केना मिळाला, काटेकुट्यात करटोली मिळाली. तरोटा मात्र मिळेना. रस्त्याकडेचा धुळीनं माखलेला, कालव्यावरचा चाखला तर बाईनं मान हलवली. एका धुऱ्यावर छान हिरवागार दिसला, पण मालक शेतात नव्हता आणि न विचारता बाई हात लावेना. गटातली एक जण कुरकुरली, "इतकं चाखत बसलं तर महोत्सव पुढच्या साली गाठू आपन." बाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तरोट्याशिवाय रानभाजी मांडायची म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. संध्याकाळी पाय ओढत घरी आल्यावर रुपालीच म्हणाली, "अवं माय! आपल्या परसात मागच्या भिंतीले एवढा उभा हाय आन् आपन डोंगर हिंडून राह्यलो!"

खरंच होतं. गोठ्यामागे, उकिरड्याच्या अंगाला, गुडघ्याएवढा तरोटा माजला होता. बाई खाटेवर टेकली ती टेकलीच. गुडघ्यांत कळा येत होत्या, तोंड दिवसभराच्या चाखण्यानं कडू झालं होतं, जिभेला आता मीठ-साखर कळेना. दिवे लागायची वेळ होती. बायका भराभर खुडत होत्या. पानं मोठी, पसरलेली, अंधूक उजेडातही हाताला लागत होती. त्यांच्याकडे बघताना बाईला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते उमगेना. थकवा असेल, म्हणून तिनं डोळे मिटले.

रुपालीनं एक पान आणून पुढं धरलं. "चाखता ना, आत्याबाई?"

"घरचा हाय तो," बाई म्हणाली. "आपल्याच परसातला. त्याले काय चाखायचं? घ्या खुडून."

शेखर त्या दिवशी खताच्या कामानं खामगावला गेला होता. परत आला तेव्हा घर झोपलं होतं. सकाळी त्याच्या हातात चहा देऊन रुपालीनं त्याला शेतात पिटाळलं, कारण चुलीवर तिला पातेली चढवायची होती.

तालुक्याच्या मंगल कार्यालयात चाळीसेक टेबलं मांडली होती. टेबलावर कच्ची भाजी, तिच्या नावाची पाटी, आणि बाजूला शिजवलेली. रुपालीनं निळी पैठणी नेसली होती, गटाच्या बायकांनी एकसारखी हिरवी लुगडी. मधोमध पितळी पातेल्यात तरोट्याचा झुणका, वर लाल मिरचीची फोडणी. वास असा सुटला होता की बाजूच्या टेबलावरच्या बायकाही वळून बघत होत्या. रुपालीचा चेहरा बाईनं इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. ती सारखी पदर नीट करत होती आणि उगाचच हसत होती.

साडेअकराच्या सुमारास कृषी खात्याच्या रेवती मॅडम माईक घेऊन आल्या. शहरातली पोर, पण मनमिळाऊ. मागून दोन परीक्षक वाट्या-चमचे घेऊन येत होते, ते अजून तीन टेबलं लांब होते.

"आजी, तुमचं नाव फार ऐकलंय," मॅडम म्हणाल्या. "या सगळ्यांना सांगा ना, तरोटा ओळखायचा कसा? त्याच्यासारखी दिसणारी झाडं पुष्कळ असतात."

बाईला माईकची सवय नव्हती. पण हा प्रश्न तिच्या घरचा होता.

"सोपं हाय, बाई," ती म्हणाली. "संध्याकाळी पहा लागते त्याले. तरोटा झोपते. दिवे लागले का पानाले पान लावते, हात जोडल्यावानी, आन् सकाळी उघडते. जो झोपत नाही, तो..."

आणि बाई थांबली.

काल दिवे लागले होते. आणि पानं मिटली नव्हती. एकही नाही. बायकांच्या हाताला ती पसरलेली लागत होती म्हणून तर खुडणं सोपं गेलं होतं. तिला चुकल्यासारखं वाटलं होतं ते हेच. डोळ्यांनी पाहिलं होतं, पण थकलेल्या डोक्यानं ते घेतलंच नव्हतं.

"तो काय, आजी?" मॅडमनी विचारलं.

टेबलावर पाटीमागे ठेवलेली कच्च्या तरोट्याची जुडी बाईनं उचलली आणि चांगल्या डोळ्याजवळ धरली. शेंडे मुरडलेले होते. देठं पिळल्यासारखी वाकडी झाली होती. तिनं एक पान तीन दातांखाली धरलं. आधी तरोट्याचीच चव आली. मग मागून ते आलं, फवारणीच्या दिवसांत धुऱ्यावरून वारा आला की नाकात बसतं तसलं, औषधाचं. म्हणूनच पानं मिटली नव्हती. तिनं तिथंच, मंगल कार्यालयाच्या फरशीवर, थुंकलं.

"आत्याबाई!" रुपाली हादरली.

"शेखरले फोन लाव."

"आता? आता परीक्षक येऊन राह्यले..."

"लाव म्हनलं ना!"

रुपालीनं लावला. बाईनं फोन कानाला दाबून धरला. "परसात तू काही मारलं काय रे?"

"हाव," शेखर शेतातून म्हणाला. "मंगळवारी. धुऱ्यावर मारून अर्धा पंप उरलं होतं, फेकून कुठं देऊ? म्हटलं मागं तन माजलं, तू त्या गुडघ्यांनी निंदायले बसशील. म्हनून मारून टाकलं. काऊन?"

"सांगतलं काऊन नाही मग?"

"सांगतलं ना, माय. त्याच रात्री जेवताना. रुपाली मीटिंगले गेलती, तुलेच सांगतलं. तू हं म्हनली."

बाईच्या हातातला फोन खाली आला. तिला ते जेवण आठवतही नव्हतं. कढी होती का पिठलं, तेही आठवत नव्हतं. फक्त हं तेवढं आठवलं, कारण ते ती रोजच म्हणायची. पोरानं तिचे गुडघे वाचवायला फवारलं होतं, आणि तिनं ते ऐकायचेही कष्ट घेतले नव्हते. असा राग तिला आयुष्यात स्वतःचा कधी आला नव्हता.

रुपालीनं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. परीक्षक आता एकाच टेबलाच्या अंतरावर आले होते. ती सासूच्या कानाशी वाकली आणि घाईघाईनं कुजबुजायला लागली. "आत्याबाई, आता काही बोलू नका. तीन पान्यानं धुतली हाय मी. तेलात परतली हाय. दोन दिवस होऊन गेले, काय राहते त्याच्यात? एक-एक चमचा तर घेतील. मीही मीठ पाह्यलं सकाळी, मले काही झालं काय? गट मोडून जाईन हो. तुमच्या पाया पडतो, इतकं होऊ द्या. मग पातेलं मी नेऊन फेकतो."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. तिला सुनेचा राग आला नाही, कीव आली. बारा बायकांची आशा त्या पातेल्यात होती, ते तिला ठाऊक होतं. पण तिनं एकच गोष्ट विचारली.

"सकाळी स्वरदाच्या डब्यात काय देल्लं तू?"

रुपालीनं फोन सासूच्या हातातून ओढून घेतला, तिचा अंगठा लागेना, दोनदा चुकीच्या जागी दाबला, आणि शेवटी भर कार्यालयात ओरडली, "शेखर, शाळेत जा! पोरीचा डबा हिसकून घे! भाजी खाऊ देऊ नको तिले! विचारू नको काही, गाडी काढ!"

परीक्षक चमचे हातात धरून उभे राहिले. रेवती मॅडमच्या हातातला माईक बाईनं स्वतःच ओढून घेतला.

"आमची तरोट्याची भाजी कोनी खाऊ नका," ती म्हणाली. "फवारलेली हाय. बाकीच्या भाज्या मी चाखल्या, हे एक चाखली नाही. सुनेनं पान आनून देल्लं होतं, मीच नको म्हनलं. तिची चूक नाही, गटाची नाही. माही हाय."

कार्यालयाच्या मागल्या बाजूला कुणीतरी कुदळ दिली, गटातल्या बायकांनी खड्डा खणला. पातेलं रुपालीनंच उचललं, त्या निळ्या पैठणीत. बाई खड्ड्याच्या काठावर बसून राहिली आणि भाजी पडताना पाहत राहिली. शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून रुपालीनं माती पायानं दाबली. कच्ची जुडीही त्यातच गेली. मग दोघी पायरीवर बसल्या आणि फोनची वाट पाहू लागल्या. रुपाली रडत नव्हती, नुसती फोनकडे बघत होती. बाईला वाटत होतं की आता आपला जीव गेला तरी चालेल, पण पोरीला काही होऊ नये. तिनं हे मोठ्यानं म्हटलं की मनात, ते तिला कळलं नाही.

पंचवीस मिनिटांनी फोन आला. छोट्या सुट्टीत स्वरदानं डबा उघडला होता. गुळाचा खडा पोळीत गुंडाळून खाल्ला होता आणि भाजी जशीच्या तशी ठेवली होती. "आजीची गवताची भाजी मले नाही आवडत, हे काय नवीन हाय?" असं तिनं बापालाच उलट विचारलं होतं.

याच नखऱ्यापायी बाईनं त्या पोरीला किती बोलणी दिली होती. आता ती पायरीवर बसून पदरात तोंड खुपसून हसली की रडली, ते गटातल्या बायकांनाही सांगता आलं नाही.

निवड दुसऱ्याच गटाची झाली. परत येताना काळी-पिवळी जीपमध्ये, शेवटच्या वळणावर, एकीनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "इतकं नाव होतं." बाईनं ते ऐकलं. त्याला ती हंसुद्धा म्हणाली नाही.

चार दिवसांत परस पिवळं पडलं, आठव्या दिवशी तांबूस होऊन आडवं झालं. शेखर तिकडे बघायचंच टाळायचा. गटातल्या चौघी सोडून गेल्या, आठ उरल्या. तीस वर्षं बाईकडून चिवळ नेणाऱ्या अन्नपूर्णाबाईच्या दारात ती मूठभर भाजी घेऊन उभी राहिली, तेव्हा अन्नपूर्णाबाई फार गोड बोलली. "आज आमची भाजी झाली वं." दुसऱ्या दिवशीही झाली होती. तिसऱ्या दिवशी बाई गेलीच नाही. अन्नपूर्णाबाईचा दोष नव्हता, तिच्याही घरात नातवंडं होती. पण लागायचं ते लागलंच.

रुपाली सासूशी कामापुरतं बोलायची. ताट वाढायची, औषध द्यायची. बाईला वाटायचं, तिनं एकदा भांडून घ्यावं, घर डोक्यावर घ्यावं. तिनं तसं केलं नाही.

मग एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. शेखर भाकरी मोडता मोडता म्हणाला, "उद्या नदीकडच्या धुऱ्यावर मारतो म्हनतो." बाई दिवसभराची दमलेली, ताटाकडे बघत होती. सवयीनं तोंडातून निघालं, "हं."

रुपालीनं उलथनं ताटलीत आपटलं. स्वरदा दचकली.

"हं नाही," रुपाली म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज असा चढला होता. "आता या घरात हं चालनार नाही, आत्याबाई. त्यायनं काय सांगतलं, ते सांगा परत. सगळं."

शेखर गडबडला. "अवं, थकली हाय ती..."

"मीही थकली हाये. सांगा, आत्याबाई."

बाईनं मान वर केली. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, दोन्ही एकदम. इतके दिवस ज्या भांडणाची ती वाट पाहत होती ते हेच असावं. ती घोटभर पाणी प्याली.

"उद्या," ती सावकाश म्हणाली. "नदीकडच्या धुऱ्यावर. औषध मारनार. तिथली भाजी कोनी खुडायची नाही."

"आन् परसात?" रुपालीनं आता नवऱ्याकडे पाहिलं.

"परसात नाही," शेखर खालमानेनं म्हणाला. "परसात आता कधीच नाही."

रुपालीनं पुन्हा सासूकडे पाहिलं आणि थांबून राहिली. बाईचे डोळे मिटत होते, गुडघे ठणकत होते, हात ताटातच होता.

"परसात," सत्यभामाबाई म्हणाली, "कधीच नाही."

तेव्हा कुठं रुपालीनं तिच्या ताटात गरम भाकरी वाढली.